चाकूंच्या गावी

"चाकू पाहायला कोणी फ्रान्सला जातं का?" असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा मी गप्प बसलो. खरे कारण सांगायला जरा लाज वाटत होती.

गेल्या वर्षी कॉलेजात मी अडकित्त्यांचे प्रदर्शन भरवले. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिल्यापासून ते डोक्यात घोळत होते. (शब्द कानडीतून आलेला, तिकडे 'अडके' म्हणजे सुपारी आणि 'कत्तरी' म्हणजे कात्री. मराठीच्या मास्तराला हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही!) घरोघरचे चाळीसएक अडकित्ते जमवून काचेखाली मांडले आणि प्रत्येकाजवळ मालकाच्या नावाची चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध लोहार आले. एका अडकित्त्यापुढे बराच वेळ उभे राहून म्हणाले, "हा आमच्या वडलांच्या हातचा. नाव मात्र वकीलसाहेबांचं दिसतंय." मी त्यांच्यासाठी खुर्ची शोधून आणीपर्यंत ते निघून गेले होते.

यंदा मे महिन्यात भाच्याकडे क्लेर्माँ-फेराँला गेलो. तिथून चाळीसएक किलोमीटरांवर तिएर हे चाकूंचे गाव आहे, आणि 1991 पासून तिथे 'कुतेलिया' नावाचा मोठा चाकूमेळा भरतो. तो पाहायचाच, असे घरून निघतानाच ठरवले होते.

गाव डोंगराच्या उतारावर. गल्ल्या अशा उभ्या, की माझे गुडघे बोलू लागले. खाली द्युरोल नदी खडकांवर आपटत धावते. तिच्या पाण्यावर इथली धारेची दगडी चाके शतकानुशतके फिरली. धार लावणारे कारागीर चाकावरच्या फळीवर पालथे पडून काम करीत. थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवीत! चाकाचा पिवळा चिखल अंगावर उडे, म्हणून लोक त्यांना 'पिवळ्या पोटाचे' म्हणत. नदीकाठच्या एका घरात हे काम 1976 पर्यंत चालू होते. एकाने पाते ठोकायचे, दुसऱ्याने घासायचे, तिसऱ्याने मूठ बसवायची. चाकू देशोदेशी जाई. पण तो कोणाच्या खिशात गेला, हे त्या पालथ्या माणसाला कधी कळत नसे.

मेळ्यात मात्र ज्याचा चाकू तोच टेबलामागे बसलेला. मी वही काढली आणि लग्नघरच्या कारभाऱ्यासारखा सगळी व्यवस्था टिपू लागलो. पोलाद, शिंग आणि लाकूड विकणारेही त्याच मांडवात. म्हणजे कारागीर आपला माल विकता विकता पुढच्या वर्षाचा कच्चा माल नेतो. बाहेर भट्टी पेटलेली, घणांचा ठणठणाट, पोराबाळांची गर्दी. ही गर्दी काही महागाचे चाकू घेणारी नव्हे. शौकीन गिऱ्हाईक सकाळीच येते, भिंग लावते आणि मुकाट्याने पैसे मोजते. पण नुसते शौकीन बोलावले तर मेळा म्हातारा होईल, आणि नुसती जत्रा भरवली तर महिनाभर एका पात्यावर खपलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाईल. दोघांनाही आणायचे, हीच खरी मेख!

भाच्याने मला एक छोटा घडीचा चाकू घेऊन दिला. कारागिराने माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हटले. भाचा हसला. "मामा, मला एक नाणं द्या. भेट दिलेला चाकू स्नेह कापतो म्हणतात, म्हणून घेणाऱ्यानं नाणं द्यायचं असतं." मी खिशातला रुपया त्याच्या हातावर ठेवला.

पुण्याला परतल्यावर वकीलसाहेबांकडून पत्ता काढून त्या लोहारांकडे गेलो. त्यांनी चाकू तीनदा उघडला, तीनदा मिटला आणि कमानीचा आवाज कान देऊन ऐकला.

"करणारा स्वतः तिथं बसला होता?"

"हो. खुर्ची-टेबल होतं त्याला."

"मग भावही त्यानंच सांगितला असंल."

"त्यानंच."

डिसेंबरात कॉलेजच्या हॉलमध्ये पुन्हा प्रदर्शन आहे. अडकित्ते, विळ्या, कोयते. सगळे विकायला, आणि करणारे समोर. त्यांनी तीन टेबले मागितली; मी दोन कबूल केली आहेत. भट्टीसाठी मागचे अंगण हवे आहे. प्राचार्यांची परवानगी अजून यायची आहे.