न दिलेल्या औषधाचं ऋण

औषध न दिल्याबद्दल मी एका डॉक्टरांची देणेकरी आहे, आणि श्वास मोजायला शिकवल्याबद्दल एका सिस्टरची.

पावसाळ्यात डोंबिवलीत घरोघरी सर्दी होती. बालवाडीत जाणाऱ्या नातीने ती घरी आणली आणि अडीच महिन्यांच्या भावाला दिली. तो आठव्या महिन्यातच जन्मलेला. दोन दिवस नाक चोंदलं, मग दूध ओढेना, पोट उडायला लागलं. बाळाची छाती भरली की त्याला डबा म्हणणाऱ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "डबा झालाय, शेका." सुनेने ऐकलं नाही हे बरंच झालं. शीळफाटा, मुंब्रा बायपास करत ॲम्ब्युलन्स ठाण्याला पोचली.

डॉक्टर म्हणाले, "ब्रॉन्किओलायटिस." बहुधा आरएसव्ही, म्हणजे मोठ्यांना सहसा नुसती सर्दी करणारा विषाणू. एवढ्याशा बाळाच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजतात, चिकट स्रावाने बुजतात. आत गेलेली हवा बाहेर पडताना अडते. उपाय काय? ऑक्सिजन, नाक मोकळं ठेवणं, नाकातल्या नळीने पोटात दूध. "बाकी वाट पाहायची." एवढ्या बिलात वाट पाहायची, हे माझ्या मुलाला काही पटेना. त्यातच एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग मिटलेला दिसला. मुलगा अँटिबायोटिकसाठी हटूनच बसला. स्राव अडकून तो भाग मिटलाय, जिवाणूंची लागण दिसत नाही, विषाणूला ते औषध लागू पडत नाही, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. वैतागलेल्या बापाला एक इंजेक्शन देऊन गप्प करणं किती सोपं होतं!

लवकर जन्मलेल्या बाळांचा या दुखण्यात मध्येच श्वास थांबू शकतो. आमच्याही बाळाचा त्या रात्री थांबला. मशीन ओरडलं, ओठ काळसर झाले. सिस्टरने तळपायावर टिचकी मारली, पाठ चोळली, नाकातला स्राव ओढून काढला. तो रडला. तसं गोड रडणं मी पुन्हा ऐकलेलं नाही.

मी मॉनिटरवरून नजर काढेना. ती म्हणाली, "काकू, मशीनकडे नका पाहू जी. पोटाकडे पाहा. वर गेलं की एक." ती गडचिरोलीकडची. तिची आई दाई. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८८ पासून तिथल्या खेड्यांत न्यूमोनिया ओळखण्याचं काम गावातल्याच माणसांच्या हाती दिलं. मोठे आकडे न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ, पुढे वर्षापर्यंत पन्नास, ही धोक्याची रेघ. तिथे, दवाखान्यापासून लांब, रेघ ओलांडली की दाईने औषध द्यायचं आणि त्याने मुलं वाचली. आमच्याकडे रेघ ओलांडलेली असूनही औषध द्यायचं नव्हतं. मोजणी तीच, निर्णय उलटा, दोन्ही बरोबर. हे कळायला मला त्या वॉर्डातल्या रात्री लागल्या.

मधे अंगात पाणी साठून रक्तातलं सोडियम उतरलं, म्हणून सलाईन कमी केलं. मग हळूहळू ऑक्सिजन सुटला, नळी निघाली. अशा बाळांसाठी आता आरएसव्हीविरुद्ध प्रतिपिंडांचं एकच इंजेक्शन निघालंय. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आमच्या वेळी ते नव्हतं.

घरी आल्यावरही प्रत्येक सर्दीत त्याची छाती वाजायची. तो झोपला की मी झबलं वर करून मोजायची. सून दारातून विचारायची, "किती?"

सिस्टरला दिवाळीत फोन केला, तेव्हा ती हसत म्हणाली, "आईला तुमचं सांगितलं मी. ती विचारते, काकू पूर्ण मिनिट मोजतात का अर्धं मोजून दुप्पट करतात?"

बाळांचा श्वास एकसारखा नसतो, अर्ध्यावर भरवसा नाही. पूर्ण मिनिट मोजते, म्हटलं, सांग त्यांना.