नळी तोंडात, पाय जमिनीवर

काकूला ती फिजिओथेरपिस्ट मुलगी आजही आवडत नाही. काका पुन्हा पायांवर उभे राहिले यात तिचा वाटा मोठा, हे काकू मान्य करते. पण "तिनं माझ्या माणसाचे हाल केले" हे वाक्यही मागे घेत नाही. तिच्या लेखी दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

काका दौलताबादचे. किल्ल्याच्या पायथ्याशी हंगामात सीताफळं आणि एरवी पेरू विकणारे. न्यूमोनिया झाला, ताप अंगावर काढला, शहरात आणेपर्यंत ऑक्सिजन घसरला आणि घशात नळी पडली. पुढचं ज्यांच्या घरी घडलंय त्यांना माहीत आहे. पहिल्या रुग्णालयात भेटीच्या वेळी ते दिसायचे गाढ झोपेत, दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधलेली. नळी ओढू नये म्हणून, असं सांगितलं गेलं. झोपेचं औषध पंपातून अखंड चालू. फिजिओथेरपीची ओळ बिलात रोज असायची. प्रत्यक्षात कुणीतरी येऊन छाती थापटून जायचं. पाय जसे ठेवले तसेच पडून.

पडून राहिलेल्या पायांचं काय होतं, हे मोजलं गेलेलं आहे. लंडनमधल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या 63 रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने पुन्हा पुन्हा मोजला. दहा दिवसांत त्याचा आडवा छेद सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी घटला होता. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. श्वासपटलाची गत याहून बिकट. 2008 च्या एका अमेरिकी अभ्यासात, 18 ते 69 तास व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले आढळले. म्हणजे जे यंत्र माणसाला जगवतं, तेच त्याची श्वास घ्यायची सवय मोडतं. नळी काढायची वेळ येते तेव्हा फुप्फुस बरं झालेलं असतं, पण भाता ओढणारा हात गळालेला असतो.

दुसऱ्या रुग्णालयात काकांना हलवलं ते पैशाच्या हिशेबाने, उपचाराच्या नव्हे. तिथे पहिल्याच सकाळी झोपेचं औषध थांबवलं. काका डोळे उघडून बघू लागले, सांगितल्यावर जीभ बाहेर काढू लागले. आणि ती मुलगी आली.

तिने आधी बराच वेळ काकांना हातच लावला नाही. मॉनिटरवरचे आकडे पाहिले. ऑक्सिजन किती टक्के चालू आहे, रक्तदाब औषधाने उचलून धरलाय की आपला आपण टिकलाय, नाडी किती. नळी ओठांपाशी कितव्या आकड्यावर आहे ते मोठ्याने वाचलं आणि सिस्टरने ते लिहून घेतलं. मग माणसं गोळा केली. एक सिस्टर फक्त नळी धरायला. एकजण व्हेंटिलेटरपाशी. वॉर्डबॉय (रुग्णालयात त्यांना सगळे मामा म्हणतात) पाठीशी. लघवीची पिशवी पलंगाच्या या बाजूला घेतली, सलाइनच्या नळ्या सोडवून मोकळ्या केल्या, व्हेंटिलेटरच्या पाइपला ढील दिली. निम्मा वेळ या तयारीतच गेला. मग पलंगाचं डोकं वर, काकांना कुशीवर, पाय खाली आणि एका दमात बसतं केलं.

मान टिकेना. डोकं भिजलेल्या पोत्यासारखं पुढे लोंबलं. यंत्र किंचाळायला लागलं, नाडी चढली. काकूला नेमकं तेव्हाच आत सोडलं होतं. ती ओरडली, "आवं बाई, माणसाला श्वास घ्यायची ताकद न्हाई, अन् तुम्ही बसवायलात काय? मारायलात का त्याला?" मुलीने मागे न बघता सांगितलं, "काकू, आत्ता बोलू नका, मी मोजतेय." तिची नजर आकड्यांवर होती. नाडी एका जागी थांबली, तशी ती काकांना म्हणाली, "काका, समोर बघा, गुडघा उचला." गुडघा इवलासा हलला. तिने परत निजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काही दिवसांनी, नळी तोंडातच असताना, काका दोघांच्या आधाराने पलंगाशेजारी उभे राहिले आणि जागच्या जागी पाय उचलू लागले. व्हेंटिलेटरवरचा माणूस उभा राहू शकतो, हे मी तरी तोवर कुठे ऐकलं नव्हतं.

काकांना यातलं काही आठवत नाही. त्यांना आठवते ती अंधारी. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्याच किल्ल्यातला तो काळोखा भुयारी मार्ग. शत्रूला आत चुकवायचं आणि वरून उकळतं तेल ओतायचं, हे गाइड लोकांचं बोलणं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. आपल्याला तिथेच बांधून ठेवलंय आणि कुणीतरी घशात तेल सोडतंय, असं त्यांना वाटत होतं. ते नळीतला कफ ओढून घेणारं सक्शन असणार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना असा भ्रम फार होतो. गाढ झोपेची औषधं त्यात भर घालतात.

शिकागोच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला अभ्यास याच मुद्द्याचा. 104 रुग्ण. रोज झोपेचं औषध थांबवून लगेच फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार दिलेल्या गटातले 59 टक्के लोक घरी जाताना आपलं आपण सगळं करू शकत होते. दुसऱ्या गटात 35 टक्के. भ्रमाचे दिवसही निम्मे झाले. त्यातला व्यवसायोपचार म्हणजे दात घासणं, केस विंचरणं, चमचा धरणं अशी रोजची कामं पुन्हा शिकवणं. या विषयाची आशियातली पहिली शाळा मुंबईच्या केईएममध्ये 1950 मध्ये कमलाबाई निंबकरांनी काढली. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. इतकी जुनी विद्या आपल्या दाराशी असून दोन्ही रुग्णालयांत एकही व्यवसायोपचारतज्ज्ञ मला दिसला नाही.

यंत्रांची मोजदाद मात्र झाली. मे 2021 मध्ये औरंगाबादच्या सरकारी घाटी रुग्णालयाला पीएम केअर्स निधीतून मिळालेल्या 150 व्हेंटिलेटरचा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. त्यातली वापरात आणलेली 113 सदोष निघाली, असं राज्याच्या बाजूने सांगण्यात आलं. केंद्राचं म्हणणं, यंत्रं ठीक आहेत, चालवणाऱ्यांना शिकवायला हवं. यंत्रांवर एवढा वाद झडला. त्या यंत्रावरून माणसाला उठवणारे हात किती आणि ते रविवारी कामावर असतात का, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. काकांच्या बाबतीत रविवार कोराच जायचा.

म्हणून ज्याच्या घरचं माणूस आत आहे त्याने विचारावं. आज झोपेचं औषध थांबवून पाहिलं का? आज बसवणार का? डॉक्टरला राग आला तरी विचारावं.

पण यालाही दुसरी बाजू आहे आणि ती मला अजून नीट पचलेली नाही. 2022 मध्ये 'टीम' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, सहा देशांतल्या 750 रुग्णांची. नेहमीच्या उपचारापेक्षा लवकर आणि जास्त हालचाल करवून रुग्ण अधिक दिवस जिवंत आणि घरी राहिले, असं दिसलं नाही. उलट नाडी बिघडणं, रक्तदाब उतरणं असे अनिष्ट परिणाम त्या गटात 9.2 टक्क्यांना झाले, दुसऱ्या गटात 4.1 टक्क्यांना. अर्थात तिथला 'नेहमीचा उपचार' म्हणजेही बऱ्यापैकी हालचाल होती, आपल्याकडच्या बांधलेल्या मनगटांशी त्याची तुलना होत नाही. तरीही पहिल्या रुग्णालयावरचा माझा राग त्यानंतर पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. ते दिवस खरंच नाजूक होते. ती मुलगी तेव्हा तिथे असती, तर आकडे पाहून तीही कदाचित परत गेली असती. मनगटं बांधण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली. दोनशेच्या वर रुग्ण, त्यातले काही व्हेंटिलेटरवर. त्या आजारात मन जागं असतं आणि स्नायू संपावर जातात. महिनोन् महिने व्यायाम लागतो. तेव्हाही बातम्या इंजेक्शनच्या किमतीच्या आणि पाण्याच्या विहिरींच्या होत्या.

इकडे नळी निघाल्यावर काका घरी आले ते काठीवर. कागदावर एक ओळ होती, 'फिजिओथेरपी चालू ठेवावी'. कुठे, कुणाकडे, किती दिवस, काही नाही. रोज शहरात जायचं तर रिक्षाचं भाडंच परवडेना. शेवटी पडेगावकडून एक मुलगा यायला तयार झाला. खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायरीवर चढउतार, दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलणं, एवढंच तो करून घ्यायचा आणि काकू उंबऱ्यात बसून राखण करायची. त्याची फी तिने सीताफळाच्या पाटीवर भागवायचा प्रयत्न केला. त्याने पाटी घेतली आणि फीही घेतली.