काळ, काम, वेग आणि काटा

मैत्रिणींनो, मोटारसायकलवर मागे बसणारीला वेगातलं काय कळतं, असं तुमच्याही घरी म्हणतात का? आमच्याकडे आठ महिने म्हणत होते. मी "अहो, जरा हळू" म्हटलं की हे मान न वळवता काट्याकडे बोट दाखवायचे. काटा ४० वर. मग मी गप्प. काट्यापुढे बायकोच्या पोटातल्या गोळ्याची काय किंमत! शेवटी शेवटी मलाच वाटू लागलं, की आपणच वयाबरोबर भित्र्या होत चाललोय.

मग नोव्हेंबरातल्या एका सकाळी, शाळेच्या वाटेवर, वळणापलीकडे उसाची ट्रॉली उभी. ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीपासून हातभरावर थांबली. माझ्या पिशवीतल्या सहावीच्या वह्या रस्ताभर झाल्या. "अगं, चाळीसवर तर होतो मी," हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचा तसा आवाज मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता.

त्या रात्री मी हिशेबाची वही काढली. दूध, किराणा, इस्त्री यांच्या जोडीला मी पेट्रोलही लिहिते. किती लिटर, किती रुपये आणि भरताना मीटरचा आकडा काय होता, असं सगळं. (माझ्या वडिलांची सवय. ते सायकलच्या पंक्चरचाही हिशेब ठेवत!) एप्रिलपर्यंत गाडी लिटरला ५५ किलोमीटरच्या आसपास देत होती. एप्रिलनंतर एकदम ४४. हे पंपवाल्याला दोष देत होते, कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला होता. पण हळूहळू घसरलेला आकडा वेगळा आणि पायरी उतरल्यासारखा एकदम उतरलेला वेगळा. एप्रिलच्याच पानावर माझ्याच अक्षरात होतं, 'गाडी – पुढचे ब्रेक व बेअरिंग.' पेट्रोल जास्त जळत नसून मीटरच किलोमीटर कमी मोजत असेल तर?

गणिताच्या बाई रजेवर असल्या की सहावीला काळ-काम-वेग मीच शिकवते. म्हटलं, एक गणित घरचं सोडवू. रविवारी सकाळी लवकर आम्ही तासगाव रस्त्याला गेलो. ह्यांनी काटा ४० वर धरायचा, मी मागे बसून किलोमीटरचे दगड आणि मोबाईलचं घड्याळ सांभाळायचं. तुम्ही करून पाहाल तर एकाच दगडावर भागवू नका. पाच मोजा, म्हणजे बटण दाबण्यात एखादा सेकंद इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. ताशी ४० ने पाच किलोमीटरला साडेसात मिनिटं लागायला हवीत. आम्हाला लागली सहा. म्हणजे खरा वेग ५०! आणि दगडांचे पाच किलोमीटर झाले तरी मीटरमध्ये चारच वाढले होते. परत येताना मोबाईलवर वेग लावून पाहिला, तोही ५० च म्हणाला. ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि हँडल धरून बराच वेळ बसून राहिले. "म्हणजे तू म्हणायचीस ते..." एवढंच बोलले.

एप्रिलमध्ये काम केलेल्या गॅरेजमध्ये सांगण्यात आलं, "मीटर गेलं, अख्खं नवीन घाला." खर्च हजाराच्या वर. हे तयारही झाले, पण मला पटेना. आमच्यासारख्या जुन्या गाडीत पुढच्या चाकापाशी दोन लहान दातेरी भाग असतात. मेकॅनिक त्यांना वर्म आणि पिनियन म्हणतात. चाक फिरलं की ते केबल फिरवतात. केबलच्या वरच्या टोकाला मीटरात एक लोहचुंबक गरगरतं. त्याला न चिकटलेली ॲल्युमिनियमची एक वाटी त्याच्या ओढीनं वळते, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि वाटीला काटा जोडलेला असतो. ही युक्ती ओटो शुल्झ या जर्मन माणसाची, १९०२ सालची. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत, ते केबलवरून थेट दात्यांनी फिरतात. म्हणून चुंबक किंवा स्प्रिंग बिघडली तर काटा चुकतो, पण आकडे बरोबर राहतात. केबल कोरडी पडली की काटा थरथरतो, तुटली की दोन्ही ठप्प. आमच्याकडे काटाही पाचाचे चार करत होता आणि आकडेही. म्हणजे मीटर बिचारं निर्दोष, केबलच सावकाश फिरत होती. खोट खाली, चाकापाशी.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं, चाक उतरवलं, पिनियन काढून दाते मोजले. "बाई, हे ह्या गाडीचं नव्हेच." दुसऱ्याच मॉडेलचं बसवलं होतं. योग्य भाग आणि ग्रीस मिळून दोनशे रुपयेही लागले नाहीत. पुढच्या रविवारी तेच पाच दगड, साडेसात मिनिटं.

तुमच्या गाडीचा काटा खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवत असेल तर घाबरू नका, बहुतेक कंपन्या मुद्दामच तसा ठेवतात. कमी दाखवत असेल तर मात्र थांबू नका. नव्या गाड्यांत केबलऐवजी सेन्सर असतो, पण दगडांची परीक्षा त्यांनाही लागू आहे. टायर बदलताना वेगळ्या मापाचा बसवला तरी हीच गडबड होते.

आणखी एक गोष्ट मागाहून ध्यानात आली. आठ महिन्यांत मीटरनं ३२०० किलोमीटर दाखवले, तेव्हा गाडी ४००० धावली होती. ऑइल बदलायलाही आम्ही तितकाच उशीर केला होता.

आता शाळेत वेळेवर पोचायचं तर घरून तीन मिनिटं आधी निघावं लागतं. वहीतल्या चुकीच्या आकड्यांपुढे मी लाल पेनानं बरोबर आकडे लिहून ठेवलेत. ह्यांनी ते पाहिले, बोलले काही नाहीत. पूर्वी पेट्रोलची पावती मला शर्टाच्या खिशातून काढावी लागायची, आता ते ती स्वतःहून वहीत ठेवतात, मागे मीटरचा आकडा लिहून.