कोल्हापूर की नाशिक

पुणेकराला जोडून दोन दिवस मिळाले की पर्याय पुष्कळ दिसतात आणि एकेक करून गळतात. लोणावळ्याचं नाव काढायचं नाही, महाबळेश्वरला गर्दी, कोकणात जाऊन-येऊनच दोन दिवस संपतात. उरतात ती दोन शहरं. कात्रजच्या बोगद्यातून खाली उतरलं तर कोल्हापूर, साधारण 230 किलोमीटर. भोसरी-चाकण मागे टाकलं तर नाशिक, 210 च्या आसपास. तेव्हा अंतराचा मुद्दा निकालात निघाला. मी कोल्हापूर धरून बसले आणि मैत्रीण नाशिक.

माझी बाजू आधी सांगते, कारण ती चविष्ट आहे. संध्याकाळ कलली की गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. आपण पेला पुढे करायचा. समोरच धार काढतात, पेला भरताना फेस काठाच्या वर चढतो आणि दूध ओठाला लागतं ते कोमट. शेजारी उभा असलेला पैलवान गडी आपल्याकडे बघून म्हणतो, "ताई, एकावर थांबताय व्हय?" दुसरा पेला नको म्हणायची आपली टाप नसते. कोल्हापूर हे असं आहे. पत्ता विचारला तर माणूस दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत येतो. मिसळीला पावाऐवजी ब्रेड का, असं चुकून विचारलं तर सगळं टेबल उत्तर देतं. शाहू महाराजांनी रोमचा आखाडा पाहून आल्यावर बांधून घेतलेलं खासबाग मैदान 1912 सालचं, पण त्याबद्दल सांगणारा असा सांगतो की काल संध्याकाळी तोही तिथं खडी फोडत होता. आणि फुटबॉल! बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण या कुस्तीच्या गावात तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या बाहेरही कुणी निवांत उभं राहू शकत नाही, बाजू घ्यावीच लागते.

मैत्रिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दोन दिवस आपण फक्त ऐकायचं आणि खायचं."

तिचं नाशिक वेगळं. आजोळ पंचवटीत, त्यामुळे ती गोदावरी म्हणतच नाही. गंगेवर जाऊ, असंच म्हणते. गंगेवर तरी काय, तर रामकुंडापाशी अस्थी घेऊन आलेली माणसं, पिंडाचे भात, भाजीवाल्या, कबुतरं, पोहणारी पोरं, सगळं एकाच घाटावर आणि कुणाचं कुणाला काही नाही. पात्राच्या कडेला दुतोंड्या मारुती उभा आहे. पाऊस लागला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक त्याच्याकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला भिडलं, अशा बातम्या घरोघर पोचतात. कोल्हापुरात हेच काम राजाराम बंधाऱ्यावर फुटांत चालतं: 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, आणि तो आकडा तिथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे. पुराच्या बाबतीत मला नाशिकची पद्धत जास्त आवडते, हे मी तिला बोलले नाही.

राहाडीचं मात्र तिनेच सांगितलं. जुन्या नाशकातल्या चौकांत पेशवाईपासूनचे दगडी हौद आहेत, जमिनीखाली. वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून रिक्षा धावतात, खाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. रंगपंचमीला ते उघडून रंगाने भरतात आणि लोक त्यात उड्या घेतात. लहानपणी तिचा मामा तिवंध्याच्या राहाडीत धप्पा मारून यायचा, तो पुढे कित्येक दिवस पिवळाच.

इतकं झाल्यावर मी वाद वाढवायचा सोडून दिला. कारण एव्हाना मला कळलं होतं की तिला शहर नकोच आहे, जागा हवी आहे. वीस-बावीस वर्षांची नोकरी ती सोडते आहे. का, ते फोनवर सांगणार नाही म्हणाली. अशा माणसाला कोल्हापूरला नेणं म्हणजे लग्नघरात नेऊन बसवण्यासारखं. मायेने विचारपूस होईल, पोटभर वाढतील, हात धरून अंबाबाईच्या रांगेत उभं करतील आणि तिचं वाक्य अर्धवटच राहील. ज्यांच्यात बोलणं आटलेलं आहे, रुसवा आहे, किंवा नुकतीच ओळख झाली आहे, त्यांनी बेलाशक कोल्हापूर गाठावं. दोघांच्या वाटचं सगळं ते शहर बोलून टाकतं.

नाशिक मध्ये पडत नाही. पांडवलेण्यांच्या दोनेकशे पायऱ्या चढून गेलं की तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत बसता येतं. भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपला लेक गौतमीपुत्र सातकर्णी किती थोर होता हे एका आईने दगडात कोरवून ठेवलेलं. ब्राह्मी आपल्याला वाचता येत नाही, त्यामुळे तेवढाही व्यत्यय नाही. खाली महामार्गावरून ट्रक जात असतात, समोर शहर पसरलेलं असतं, आणि दोन बायका तासभर काय बोलतात याची कुणाला चौकशी नसते. मिसळीपुरतं बोलायचं तर काळ्या मसाल्याच्या रश्श्याला तांबड्याची सर नाही, हे माझं मत जाताना होतं ते येतानाही तसंच राहील.

तर नाशिक ठरलं. शनिवारी सकाळी सहाची एसटी आहे, वाकडेवाडीहून. परतीचं आरक्षण रविवारी रात्रीचं मिळालंय, शेवटच्या बाकावरचं.