तंजावरचा नंदी आणि कावेरीचे पाणी

आपल्याकडे श्रावणी अमावास्येला पोळा येतो. काही भागात बेंदूर त्याच्याही आधी येऊन जातो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. असाच गुराढोरांचा सण तामिळ मुलखातही आहे. तो मात्र येतो जानेवारीत, आपल्या संक्रांतीला लागून. त्याचे नाव माट्टु पोंगल. माडु म्हणजे गाय-बैल. एका वर्षी हा सण पाहावा म्हणून मी तंजावरला गेलो. तिथल्या मोठ्या देवळात शिरलो तेव्हा पहिली नजर काही शिखराकडे गेली नाही. समोर दगडी नंदी बसला होता आणि त्याच्या अंगावर भाजीबाजार भरला होता!

हा नंदी एकाच शिळेतून घडवलेला, सुमारे 13 फूट उंच आणि 16 फूट लांब. एरवी तेलाने काळा कुळकुळीत दिसतो. पण त्या दिवशी गळ्यात वांग्यांच्या माळा, पाठीवर काकड्या नि गाजरे, कुठे भोपळे, कुठे केळी, लिंबे, मिठाई. आपण बैलाला झूल घालतो, तशी नंदीला शेतातल्या मालाची झूल. आवारात गाई ओळीने उभ्या करून त्यांची पूजा चाललेली. आजूबाजूच्या खेड्यांतही त्या दिवशी जनावरे धुतात, शिंगे रंगवतात, गळ्यात माळा घालतात आणि गोड भाताचा घास भरवतात. आपल्याकडच्या पुरणपोळीच्या जागी तिथे भात, एवढाच फरक.

आता सण जानेवारीत का? तर कावेरीच्या खोऱ्यातले सांबा नावाचे मुख्य भातपीक त्या सुमारास हाती येऊ लागते. सण चार दिवसांचा. पहिला दिवस भोगी. हा शब्द ऐकून आपल्या बायकांना लगेच भोगीची भाजी आठवेल. तिथे त्या दिवशी घरातले जुनेपाने काढून जाळतात आणि घर सारवून-पुसून लख्ख करतात. दुसऱ्या दिवशी अंगणात चूल मांडून नव्या तांदळाची खीर करायची. खीर कसली, दूध, गूळ, मूगडाळ आणि तूप घातलेला मऊ भातच तो. मडक्याच्या गळ्याला पानासकट हळदीचे रोप बांधतात, शेजारी ऊस उभे करतात. दूध उतू गेले की सारे घर "पोंगलो पोंगल" असे ओरडते. पोंगल म्हणजेच उतू जाणे. आपल्याकडे दूध उतू गेले की सासूचे डोळे मोठे होतात, तिथे उतू गेले नाही तर चुटपुट लागते. दारातल्या रांगोळीला तिथे कोलम म्हणतात. ती तांदळाच्या पिठाची असते, म्हणजे मुंग्या-चिमण्यांचीही सोय होते.

तिसरा दिवस गुरांचा आणि चौथा गावाला-गोताला भेटायचा. मदुरेकडे याच दिवसांत जल्लीकट्टू म्हणजे मोकाट सुटलेल्या बैलाच्या वशिंडाला बिलगण्याचा खेळ होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तो बंद केला. 2017 साली लोक रस्त्यावर उतरले, तामिळनाडूने नवा कायदा केला, आणि मे 2023 मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. त्याच निकालात आपल्या बैलगाडा शर्यतींचा महाराष्ट्राचा कायदाही टिकला. मला स्वतःला बैलाला बिलगण्यापेक्षा त्याला भात भरवणे बरे वाटते. पण हे ज्याच्या त्याच्या मनावर.

आता देवळाकडे वळू. हे बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळ या राजाने बांधले. ते 1010 साली पुरे झाले, म्हणजे हजार वर्षे उलटून गेली. शिखर सुमारे 216 फूट उंच. सगळे काम कठीण काळ्या-तांबूस दगडाचे, आणि नवल असे की आसपास डोंगर नाही की खाण नाही. चहूकडे गाळाची सपाट जमीन. दगड पन्नास-पन्नास किलोमीटरवरून आणला. शिखरावरचा घुमट 80 टनांचा एकच दगड असून तो कित्येक मैलांचा मातीचा उतार रचून वर चढवला, असे लोक सांगतात. शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही असेही सांगतात. मी दुपारी तासभर थांबलो, सावली पडते. थंडगार पडते आणि तिच्यात यात्रेकरू डबे सोडून बसतात. उगीच चमत्कार कशाला जोडावा? बांधकाम आहे तेच पुरेसे आहे.

माझे मन रमले ते देवळाच्या जोत्यापाशी. तिथे चारी बाजूंनी बारीक तामिळ अक्षरे कोरली आहेत. राजाने, त्याची थोरली बहीण कुंदवै हिने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला काय दिले त्याचा तो हिशेब आहे. सोन्याचे दागिने आहेतच. पण कोणत्या गावाने किती भात द्यायचे, कोणाला किती मजुरी, हेही दगडावर आहे. देवळात नाचण्या-गाण्यासाठी 400 स्त्रिया आणून वसवल्या होत्या. प्रत्येकीला घर आणि वर्षाला 100 कलम भात. कलम हे तिथले जुने माप.

दिव्याचा हिशेब तर शेतकऱ्याने कान देऊन ऐकावा असा. एक नंदादीप कायम तेवत राहावा म्हणून 96 मेंढ्या धनगरांच्या हवाली करायच्या आणि त्यांनी त्याबद्दल रोज ठरलेले तूप घालायचे. मेंढ्या नसतील तर 48 गाई, नाही तर 16 म्हशी. म्हणजे एक म्हैस तीन गाईंच्या बरोबरीची, एक गाय दोन मेंढ्यांची. हजार वर्षांपूर्वीचा बाजारभावच म्हणा की! या मेंढ्यांना लेखात "न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या" म्हटले आहे. मेंढी मरणारच, पण कळपात नवी पिले येत राहतात, म्हणून आकडा कायम धरायचा आणि तूप चुकवायचे नाही.

याच आवारात एका भिंतीपाशी मी चमकून थांबलो. अक्षरे वाचता येत होती! तो मराठी शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतले आणि भोसल्यांची गादी तिथे 1855 पर्यंत चालली. त्यांच्यापैकी दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली आपल्या घराण्याची हकिकत मराठीत लिहवून या भिंतीवर कोरून घेतली. हे लेखन भोसले वंशचरित्र म्हणून ओळखले जाते. गंमत अशी की तेव्हा मुलखाचा कारभार इंग्रज कंपनीच्या हाती जाऊन चार वर्षे झाली होती, राजांकडे किल्ला आणि आसपासचा भाग तेवढा उरला होता. राज्य गेले, तरी हकिकत दगडावर राहिली. त्यांनी जोपासलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रहही तिथेच आहे. त्यात मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत.

एवढा भात, एवढे तूप, दूरवरून दगड ओढून आणायला एवढी माणसे. हे सारे पोसले कशावर? त्याचे उत्तर देवळात नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी एस.टी.सारख्या तिथल्या सरकारी बसने तिरुचिरापल्लीच्या बाजूला सुमारे 45 किलोमीटरवर कल्लणै गाठले.

कल्लणै म्हणजे दगडी बंधारा. करिकाल चोळ राजाने तो कावेरीवर घातला असे मानतात. देऊळ झाले त्याच्याही कित्येक शतके आधी. तिथे हत्तीवर बसलेला करिकालाचा पुतळा आहे. बंधारा सुमारे 1,080 फूट लांब, जाडी 60 फुटांपर्यंत आणि उंची जेमतेम 18 फूट. सरळही नाही, थोडा नागमोडी. नदीचे पात्र तळापर्यंत वाळूचे. वाळूवर पाया कसा घालायचा? जुन्या लोकांनी पाया खणलाच नाही. मोठमोठे ओबडधोबड दगड वाळूत टाकत गेले; ते रुतत गेले, त्यावर आणखी टाकले, आणि रुतायचे थांबले तेव्हा त्यावर बंधारा उभा केला. आपण चिखलात गाडी फसली की चाकाखाली दगड सारतो, तीच अक्कल मोठ्या प्रमाणावर.

इथे एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन नावाचा इंग्रज इंजिनिअर आला. त्याने हे काम बारकाईने पाहिले, त्यावरून धडा घेतला आणि वरच्या अंगाला कोळ्ळिडम या फाट्यावर बंधारा बांधला. पुढे हाच कॉटन गोदावरीवर गेला आणि 1852 साली राजमहेंद्रीजवळचे धवळेश्वरम धरण पुरे केले. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदामाई शेवटी ज्या धरणावर अडते, त्याच्यामागची अक्कल अशी कावेरीकाठची आहे.

बंधाऱ्यावर एक म्हातारे शेतकरी भेटले. मला तामिळ येत नाही, त्यांना हिंदी बेताचे. "पाणी वेळेवर येते का?" असे खुणेनेच विचारले. त्यांनी हात वर आभाळाकडे केला, मग पश्चिमेला कर्नाटकाकडे, आणि हसले. मी आवर्तनाच्या भागातला, मला तेवढ्यात सारे कळले. टेलच्या माणसाचे दुखणे सगळीकडे एकच.

कावेरी कर्नाटकात कोडगूच्या डोंगरात उगम पावते. तामिळनाडूत शिरल्यावर ती 1934 साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणात अडते. तिथून 12 जूनला पाणी सोडायचे, असा जुना शिरस्ता. तीन-चार दिवसांत ते कल्लणैला पोचते, तिथून कावेरी, वेन्नार आणि कालव्यांतून वाटले जाते, आणि कुरुवै नावाच्या आखूड मुदतीच्या भाताच्या लावण्या सुरू होतात. पण 2012 ते 2019 अशी सलग आठ वर्षे 12 जूनला पाणी सुटले नाही. 2020 ला सुटले. 2022 ला तर धरण भरल्यामुळे मे महिन्यातच सोडले. 2023 ला ठरल्या दिवशी सोडले खरे, पण पुढे पाणी कमी पडले आणि उभे कुरुवै पीक कितीतरी ठिकाणी वाळले. 2024 ला पुन्हा जुलैअखेर. पाणीवाटपाच्या भांडणासाठी 1990 साली लवाद नेमला, 2007 ला त्याचा निवाडा आला, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने वर्षाला 177.25 टीएमसी पाणी द्यावे असे ठरवले. कागदावर आकडा पक्का आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी दोन्हीकडचे शेतकरी रस्त्यावर येतात, आणि मला तरी दोघांपैकी कोणाला खोटे म्हणवत नाही.

या पाण्याचाही एक सण आहे, आणि तो बायकांचा. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, नदीला नवे पाणी आलेले असते. बायका-पोरी काठावर जमतात, अंकुरलेले धान्य नदीत सोडतात, गळ्यातला हळदीचा दोरा बदलतात. घरून लिंबूभात, चिंचेचा भात, नारळीभात, दहीभात असे डबे नेऊन काठावरच जेवतात. नदी कोरडी असते त्या साली हीच पूजा नळापाशी किंवा बोअरच्या पाण्यावर उरकतात. हळदकुंकू लावायचे ते वाहत्या पाण्याला, आणि समोर असते तोटी.

कोणाला जायचे असेल तर चेन्नईहून तंजावरला रेल्वे आहे. तिरुचिरापल्लीपर्यंत गेलात तर पुढे साधारण 55 किलोमीटर. देऊळ सकाळी किंवा चारनंतर पाहावे, दुपारी गाभारा बंद असतो आणि अनवाणी पायांना फरशी भाजते. मराठी लेखापाशी पोरांना जरूर नेऊन वाचायला लावा. नंदीचा साज पाहायचा असेल तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हजर राहावे लागेल. पूजा झाल्यावर त्याच्या अंगावरची भाजी आणि फळे लोकांना वाटून टाकतात. माझ्या वाट्याला एक काकडी आणि दोन वांगी आली. काकडी तिथेच खाल्ली. वांगी पिशवीत घालून घरी आणली. तोवर ती पार सुकली होती, पण आमच्या घरच्या मंडळींनी त्यांचे भरीत केलेच.