बाबांचा रोलर सपोर्ट

सुतारकाम म्हटलं की आपल्याला फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतं. तो जॉइंट, ती जर्नलं आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीची धावपळ! सबमिशन संपलं की रंधा विसरायचा. माझी मात्र त्यातून सुटका नाही. कारण आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बाबांचं कारपेंट्री शॉप बाराही महिने चालू असतं, आणि तिथे व्हायवा रोज असते.

राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. ट्रॅक्टर आले, तशी वखर-तिफणीची कामं कमी झाली. आता बाबा पोळपाट आणि विळ्या करतात. पातं लोहार देतो, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेलं. त्याला खवणीचे दाते नसतात. आमच्याकडे नारळ पूजेपुरताच! पाट बाबांचा.

विळी म्हणजे साधी गोष्ट, असं मलाही वाटायचं. पण नीट पाहा. चाकूत पातं चालतं, इथे पातं स्थिर आणि भाजी चालते. पाटावर पाय दाबून बसलेल्या बाईचं वजन हाच या मशीनचा क्लॅम्प. पाट डगमगला की भाजीऐवजी अंगठा. 1925 मध्ये नॉर्वेतल्या थोर ब्यर्कलुंड या सुताराने रंध्यावरून कल्पना घेऊन चीज कापायचं हत्यार केलं आणि पेटंट घेतलं. विळीचं पेटंट कोणाच्या नावावर आहे? कोणाच्याच नाही.

बाबा पाटासाठी शक्यतो पाडलेल्या घराच्या चौकटीचं सागवान घेतात. वर्षानुवर्षं वाळलेलं, त्यामुळे कमी वाकतं. तरीही आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जुलैत भिंतींनाही ओल येते. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, पण रुंदीत आकसतं आणि फुगतं. म्हणून पात्याची खालची शेपटी खाचेत बसवली की बाभळीची पाचर ठोकायची, तीही अशी की दाब लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाईल. आडवा दाब दिला तर पाट उभा उकलतो.

खरी गंमत पाटाच्या खाली आहे. पाट ओल्या फरशीला टेकू नये म्हणून खाली दोन आडव्या पट्ट्या असतात. बाबा प्रत्येक पट्टीचा एका कडेचा स्क्रू घट्ट पिळतात आणि दुसऱ्या कडेचं भोक लांबट ठेवतात. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याले फुगाले जागा पायजे ना बापू. तू नाही देली, त थे आपल्या मनानं घेते."

मी चाटच पडलो. पुलाच्या गर्डरला एका टोकाला हिंज आणि दुसऱ्या टोकाला रोलर सपोर्ट का देतात, हे आम्ही स्ट्रक्चर्सच्या पेपरात पाच मार्कांसाठी लिहितो. बाबा सातवी शिकलेले. ते हेच उत्तर रोज लाकडात लिहितात, आणि चुकलं तर मार्क जात नाहीत, कोणाचं तरी बोट जातं.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना एक जिग करून दिलं. खाच बरोबर 90 अंशांत पडावी म्हणून. बाबांनी चार पाट त्यावर केले, "बरं हाय" म्हणाले (ही आमच्या घरातली डिस्टिंक्शन!). पाचरीसाठी मात्र जिग नको म्हणाले. ती किती ठोकायची हे आवाजावरून कळतं. ठोका बद्द वाजायचा थांबला की हात आवरायचा.

हे सगळं लिहून ठेवायचं कारण सांगतो. एका पाटाला अर्धा दिवस जातो. बाजारात स्टीलची घडीची विळी त्याहून स्वस्त मिळते, आणि ओट्यावर उभं राहून भाजी चिरणाऱ्या घरात विळी लागतही नाही. बाबांचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. मला कॅम्पसमधून नोकरी लागावी म्हणून ते देवाला नारळ बोलले आहेत. नोकरी लागली की शेडला कुलूप लागेल, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही. सुटीत मी पाचर ठोकतो आणि ते कान देऊन ऐकतात.

दिवाळीला घरी गेलात तर आईची विळी एकदा जपून, पातं सांभाळून उलटी करून पाहा. खाली लांबट भोक दिसलं, तर समजा की तिथेही एक इंजिनिअर बसून गेला आहे.