आठ पायांची आयसी

लाँग ड्राइव्ह म्हटलं की आपल्याला लोणावळा नाहीतर कोकण आठवतं. भर मे महिन्यात अमरावतीहून अकोल्याला, तेही नखाएवढ्या आयसीसाठी कुणी जातं का? आम्ही गेलो!

हौस माझ्या मावसभावाची. राहतो अमरावतीत, गाडगेनगरला. दिवसा घरूनच एका आयटी कंपनीचं काम करतो आणि रात्री हेडफोन लावून बसतो. त्याच्या पीसीत असुसचं झोनार एसेन्स एसटीएक्स हे साउंड कार्ड आहे. मॉडेल २००९ चं, पण हेडफोनवेड्यांमध्ये अजून भाव खाऊन आहे. कारण त्यातल्या तीन आयसी सोल्डर केलेल्या नाहीत, सॉकेटमध्ये नुसत्या खोचलेल्या आहेत. आवडल्या नाहीत तर काढा, दुसऱ्या बसवा! या आयसी म्हणजे ऑप-अँप. डिजिटल गाण्याचं जे बारीक करंट होतं त्याचं व्होल्टेज करायचं आणि ते पुढे पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. प्रत्येक ऑप-अँपचा म्हणे वेगळा ‘मिजाज’ असतो.

साहेबांनी त्यातली एक काढून काही हजारांची इम्पोर्टेड बसवली होती. ‘ताई, आवाजावरचा पडदाच उठला!’ आता उरलेल्या दोन मागवायच्या होत्या. मावशीचं म्हणणं, ‘एवढ्या पैशात नवा कूलर आला असता.’ मग ठरलं, आधी स्वस्तातल्या दोन आयसी लावून बघायच्या. त्या अकोल्याच्या एका मेकॅनिककाकांकडे मिळतील, असं माझ्या काकांनी सांगितलं. कॉलनीच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर त्यांनीच बनवलेला.

रस्ता झकास आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर एका लेनचं ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. मूर्तिजापूर कधी मागे पडलं कळलंही नाही. अकोल्यात उतरलो तेव्हा मात्र उन्हाने असा चटका दिला की रेकॉर्ड-बिकॉर्ड सगळं विसरलो.

गांधी रोडच्या मागच्या एका गल्लीतलं दुकान. दुकान कसलं, टेबल, सोल्डरगन आणि छतापर्यंत उघडे पडलेले डेक. भावाने ऑप-अँपवर लेक्चर सुरू केलं. काकांनी मध्येच थांबवलं. ‘आठ पायाची आयसी म्हन ना बाप्पा!’ ड्रॉवर उघडला. त्यात ४५५८ ढिगाने. भजनी मंडळांच्या इको मशीनमध्ये, लग्नाच्या मिक्सरमध्ये हीच असते. शेजारच्या डबीत एनई ५५३२. ही १९७९ ची. जगभरच्या कित्येक स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये हीच बसलेली असायची. म्हणजे आपण जे रेकॉर्डिंग ‘प्युअर’ म्हणून ऐकतो, ते आधीच अशा डझनभर आयसींमधून गाळून आलेलं असू शकतं. भाव? कचोरीच्या प्लेटएवढा.

काकांनी कार्ड हातात घ्यायच्या आधी लोखंडी कपाटाला हात लावला. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी, की प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून कशाला हात लावला तर चटकन झटका बसतो. त्या झटक्यानेच आयसी मरते. आयसीवरची खाच सॉकेटच्या खाचेला जुळली पाहिजे. उलटी बसवली तर ती तरी जाते, नाहीतर कार्ड तरी. दोन्ही गोष्टी त्यांनी भावाकडून तीनदा वदवून घेतल्या.

मग कार्ड उलटसुलट करून विचारलं, ‘हेडफोन या आयसीतून वाजते, हे तुले कोनं सांगितलं?’ प्रश्न त्या महागड्या आयसीबद्दल होता. भाऊ गप्प. ‘काढून पाय. वाजला, तर काऊन पैसे घातले बे?’

रात्री तेच केलं. पीसी बंद, तिसरी आयसी बाहेर, पीसी चालू. हेडफोन मस्तपैकी वाजत होता! ती आयसी मागच्या लाइन-आउटसाठी, म्हणजे स्पीकरच्या वाटेवर. हेडफोनची वाट पहिल्या दोघींवरून थेट हेडफोनच्या वेगळ्या चिपकडे जाते, आणि ती चिप सोल्डर केलेली आहे. तो उठलेला पडदा महिनाभर माझ्या भावाच्या डोक्यातच होता. बिचारा!

मग पहिल्या दोघींच्या जागी कधी ५५३२, कधी मूळच्या. बदलायचं मी, ओळखायचं त्याने. दरवेळी पीसी बंद-चालू करायचा, तोवर आधीचा आवाज कानातून निघून जातो. हीच तर सगळी गोची. सहा वेळात तीनदा बरोबर. नाणं उडवूनही एवढं आलं असतं. आवाज किती वाढवायचा ते आजूबाजूचे रेझिस्टर ठरवतात, त्यामुळे तोही सारखाच. एखादी फार वेगवान आयसी अशा कार्डात बिथरते, तापते, तेव्हा मात्र फरक कळतो. पण त्याला सुधारणा कोण म्हणेल?

अडीच वाजता लाइट गेली. यूपीएसवर गाणं चालू होतं, कूलर थांबला. भावाचे हेडफोन ओपन-बॅक, बाहेरचं सगळं आत घेणारे. इतका वेळ कूलरच्या घरघरीखाली दबलेला तबल्याचा बायाँ एकदम खोलीत आला. आम्ही दोघंही चमकलो. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग गरम व्हायला लागलं.

सकाळी त्याने ती महागडी आयसी पुन्हा जागेवर बसवली. ‘असू दे ताई, कधी स्पीकर घेतले तर...’ पुढच्या दोन काही मागवल्या नाहीत. मावशी मात्र कमी आवाजाचा कूलर कुठे मिळतो, याची चौकशी करत होती.